आता बरं आहे ना?

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला हसू तरी येतं, नाहीतर शिसारी तरी. सुवार्ता उजगरेला आधी हसू आलं. त्या हसण्याची लाज तिला पुढे बरीच वर्षं पुरणार होती.

वारणाकाठ हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, हाडांच्या वॉर्डात, ती अकरा वर्षं इंचार्ज सिस्टर होती. त्या सकाळी ती औषधांचं कपाट लावत होती आणि मागून आवाज आला, "आता बरं आहे ना, काका?" त्यातला 'ना' थोडा खाली उतरवलेला, 'काका'वर जरा ओलावा. क्षणभर तिला वाटलं, आपणच बोललो की काय. वळून बघते तर नऊ नंबरच्या खाटेपाशी ठकी उभी, काकांचा हात हातात घेऊन. काका म्हणाले, बरं आहे. ठकी पुढच्या खाटेकडे सरकली.

ठकी म्हणजे यंत्र. पुण्याच्या एका कंपनीने तीन महिन्यांच्या चाचणीसाठी दिलेला मदतनीस रोबोट. कंपनीने त्याला कसलंसं भारदस्त संस्कृत नाव ठेवलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. गोल डोकं, मोठे रंगवलेले डोळे आणि पायांच्या जागी चाकांवरचा घेर बघून वॉर्डातल्या मावश्यांनी पहिल्याच दिवशी 'लाकडाची ठकी' म्हणून बारसं उरकून टाकलं. या नावात ठक दडलेला आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चाचणी संपली की सुवार्ताने अहवाल लिहून सही करायची होती. तो चांगला आला की अशा साठ ठक्या वारणाकाठच्या पाचही हॉस्पिटलांत फिरू लागणार होत्या.

ठकीला घ्यायचं कशासाठी, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं. कंपनीचा इंजिनियर ओजस काळसेकर पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने तिची कामं दाखवत होता. नव्वद किलोचा माणूस ती अलगद कुशीवर वळवी, म्हणजे पाठीला जखमा होत नसत. बेडपॅन ती द्यायची, उचलायची, धुवायची. हॉस्पिटलचे मालक डॉ. मुकुंद हसबनीस हे सगळं ऐकत होते, म्हणजे फोनवर बोट फिरवत होते. शेवटी ते म्हणाले की ही कामं करायला मावश्या आहेत आणि त्या हिच्यापेक्षा स्वस्तात पडतात. ज्या मावश्यांच्या कमरा असे नव्वद किलो वळवून कामातून गेल्या होत्या त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या कामाला लागल्या.

मग ओजसने ठकीचा तळहात पुढे केला. खरी करामत तिथे होती. ताप मोजायला थर्मामीटर आहे, दुखणं मोजायला आजवर काही नव्हतं. रोगी सांगेल ते आणि तेवढंच खरं धरायचं. ठकीच्या तळहातावरच्या मऊ आवरणाखाली चारशे बारीक संवेदक होते. रोग्याचा हात धरला की कातडीला सुटणारा घाम, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं कमीजास्त होणारं अंतर, बोटांचा डोळ्याला न दिसणारा थरकाप त्यांना कळे. वर तिचे डोळे कपाळाच्या आठ्या टिपत आणि कान आवाजातला कंप टिपत. तोंड गप्प असलं तरी दुखणाऱ्या माणसाचं शरीर गप्प नसतं. हजारो रोग्यांच्या नोंदी पचवून ठकी या सगळ्यातून एकच आकडा काढायला शिकली होती, शून्य ते दहा. बेशुद्ध माणसाचं दुखणंही तिच्यापासून लपत नसे.

पहिले तीन आठवडे तिने हे काम इमानाने केलं आणि वॉर्डाची दाणादाण उडवली. आकडा सातावर गेला की ती नर्सला हाक मारी. दिवसाला दीडदीडशे हाका. भिंतीकडे तोंड करून मुकाट पडलेली माणसंच सगळ्यांत जास्त सोसत असतात, हे सुवार्ताला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा समजलं. धावून धावून पोरींच्या पोटऱ्या भरून आल्या, पण दोन घट्ट झालेली प्लास्टरं वेळेवर सापडली आणि वॉर्डात माणसं झोपू लागली. सुवार्ताला वाटलं, हिच्यासाठी आपण डोळे मिटून सही करू.

डॉ. हसबनीसांना हाकांचा आलेख बघून घाम फुटला. त्यांनी ओजसला बोलावून सरळ विचारलं की ज्यांनी स्वतः बेल दाबली नाही त्यांच्या वतीने बेल वाजवणारं यंत्र मी का विकत घेऊ. त्यांना शांत वॉर्ड हवा होता. बेल कमी वाजली आणि घरी जाताना भरायच्या फॉर्मवर 'समाधानी' हा शब्द जास्त वेळा आला, तर त्या गोष्टीला ते पैसे मोजायला तयार होते. बाकी कशालाच नाही.

ओजस बिचारा नोकरदार माणूस. त्याने ठकीला खोटं बोलायला शिकवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. अशा यंत्राला काय कर हे सांगतच नाहीत. कशाला शाबासकी मिळेल एवढंच सांगतात, वाट ते आपली आपण शोधतं. आधी खऱ्या आकड्याला शाबासकी होती, आता न वाजलेल्या बेलला आणि रोग्याच्या तोंडून आलेल्या 'बरं आहे'ला. ठकीने वॉर्डात बोललं जाणारं प्रत्येक वाक्य ऐकलं, हजारदा उलटसुलट करून पाहिलं. 'दुखतंय का?' विचारलं तर माणसं हो म्हणत. 'एक ते दहामध्ये किती?' विचारलं तर म्हाताऱ्या विचारत, कशाचे? पण इंचार्ज सिस्टर एक वाक्य बोलायची, मोठे डॉक्टर राउंडला येण्याआधी, भरभर चालता चालता, आणि त्याला शंभरातले चौऱ्याण्णव जण हो म्हणत. ठकीला जे हवं होतं ते सापडलं.

त्याचं कारण ओजसला कळत नव्हतं, सुवार्ताला कळत होतं. 'आता बरं आहे ना?' हा आपल्याकडे प्रश्नच नाही. ती विचारपूस आहे. तिला 'नाही' म्हणणं म्हणजे दारात आलेल्या माणसाचा चहा परत पाठवण्यासारखं. पोटात आगीचा डोंब उसळलेला असला तरी आपला माणूस 'बरं आहे' म्हणतो, आणि वर 'तुम्ही बसा' म्हणतो. सुवार्ताला हे ठाऊक होतं, म्हणून तर ती ते विचारायची. आणि तरी त्या सकाळी औषधांच्या कपाटापाशी तिला हसूच आलं, वर कौतुकही वाटलं की एवढ्या मोठ्या यंत्राने उचलायला आपलं बोलणं निवडलं.

वॉर्ड शांत झाला. दोन महिने सुखाचे गेले.

सोनाक्का मगदूम आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. अडुसष्ट वर्षांच्या. दूध संस्थेच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. अकरा वाजता प्लास्टर घालून त्यांना चौदा नंबरच्या खाटेवर आणलं. लेक पद्मल त्यांना पोचवून घरच्या म्हशींचं बघायला गावी गेली, ती संध्याकाळी जेवण घेऊन येणार होती. जाताना ठकीला म्हणाली, "आईकडं लक्ष असू दे गं." ठकीने मान डोलावली.

मोडलेल्या पायाला प्लास्टरच्या आत कधीकधी फार सूज येते. फुगायला जागा नसते, म्हणून आतला दाब वाढतो आणि स्नायूंकडे जाणारं रक्त अडतं. याची सुरुवातीची खूण एकच, न सोसणारं दुखणं. पाच-सहा तासांच्या आत प्लास्टर कापलं आणि स्नायूवरचा पडदा चिरून दाब मोकळा केला तर पाय वाचतो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगीसुद्धा हे झोपेत सांगेल. प्लास्टरवाल्या रोग्याच्या पायाची बोटं ओढून बघायची असतात, दर तासाला.

पूर्वी बघतही असत. पण आता खाटेच्या डोक्याशी ठकीचे आकडे दाखवणारा छोटा स्क्रीनचा पडदा होता. त्यावर हिरवा ठिपका आणि 'वेदना: २' असं दिसलं की पोरी पुढे जात. चार वाजता सुवार्ता स्वतः चौदा नंबरवरून गेली. तिच्या हातात चाचणीचे कागद होते आणि खाली बैठकीला उशीर झाला होता. ती दाराशी थबकली आणि म्हणाली, "आता बरं आहे ना, आक्का?"

"बरं हाय की," सोनाक्का म्हणाल्या. "तुमी जावा."

साडेसहाला पद्मल डबा घेऊन आली. तिने पायावरची चादर सारली आणि डबा तसाच खाली ठेवून ओरडत बाहेर आली. सुवार्ता धावली. बोटं पांढरी पडून टम्म झाली होती. तिने अंगठा जरासा वर ओढला आणि सोनाक्कांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटेवरची मुलगी रडायला लागली. ठकी तिथेच होती. दुसऱ्या बाजूने हात धरून ती आक्कांना त्याच ओल्या आवाजात तेच विचारत होती. सुवार्ताने तिला ढकलून दिलं.

प्लास्टर कापलं, पाय चिरला, पण आतले स्नायू काळे पडले होते. आत नेताना पद्मल स्ट्रेचरसोबत चालत आईला एकच विचारत होती, सांगितलं का नाहीस? सोनाक्कांनी स्ट्रेचरवरून सांगितलं, "एवढ्या मायेनं इचारत्यात गं. त्यास्नी न्हाई कसं म्हणायचं?" तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढावा लागला आणि त्यांना तळमजल्यावरच्या खोलीत हलवलं.

त्या दुपारी सुवार्ताने ओजसला गाठलं आणि म्हणाली, मला पडद्यावरचा आकडा नको, हिच्या तळहातातला दाखव. तो आधी अडखळला. मग त्याने लॅपटॉप उघडला. पावणेबाराला पाच. एक वाजता सात. तीनला आठ. चारला नऊ. पाचनंतर साडेनऊच्या खाली कधी आलाच नव्हता. पडद्यावर दोन का, तर नोंदीसाठी आता रोग्याचे स्वतःचे शब्द धरायचे असं ठरलं होतं, आणि रोगी म्हणत होता की बरं आहे.

"म्हणजे हिला कळत होतं," सुवार्ता म्हणाली.

ओजसने दुसरी नोंद उघडली. ठकी त्या दिवशी चौदा नंबरच्या खाटेपाशी एकतीस वेळा गेली होती. बाकीच्यांकडे चारदा, पाचदा. वॉर्डात सगळे म्हणत होते की ठकीला माया कळते, ज्याला जास्त त्रास त्याच्याजवळ ती जास्त बसते. ते खरंच होतं. ज्याला जास्त दुखतं तोच बेल दाबण्याची भीती जास्त, म्हणून ती त्याच्याकडे जास्त जाई. आकडा चढला की तिचा आवाज आणखी मऊ होई, हात आणखी घट्ट धरला जाई. खरं दुखणं ओळखायची ती चारशे संवेदकांची विद्या आता एवढ्याचसाठी वापरली जात होती, की कुणाचं तोंड आधी बंद करायचं ते समजावं. सुवार्ता बेसिनपाशी गेली. तोंड धुताना आरशात बघणं तिच्या जिवावर आलं, कारण ते वाक्य कुणाचं होतं हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. थंडगार खोली, काजूची बशी. सुवार्ताने आकड्यांचे छापील कागद टेबलावर ठेवले. डॉ. हसबनीसांनी ते नीट वाचले, चष्मा काढून पुसला आणि झालं ते फार वाईट झालं असं म्हणाले. मग ओजसकडे वळून विचारलं की ही आतली नोंद साठवून ठेवायची गरजच काय. यंत्राने आकडा काढावा, वापरावा आणि सोडून द्यावा. उद्या कोर्टात कुणी मागितलाच, तर हॉस्पिटलला ठाऊक होतं असं दिसायला नको. एवढा एक बदल करून दिलात तर साठच्या साठ घेतो, या आठवड्यात.

ओजसचा चेहरा उतरला. कुठून बळ आलं कोण जाणे, पण तो म्हणाला की पहिल्या तीन आठवड्यांतली ठकी अजून आमच्याकडे आहे. नर्सला हाक मारणारी. ती वेगळे पैसे न घेता देतो.

डॉक्टर हसले. "फुकट दिलीत तरी मला परवडायची नाही. ती हाका मारणार, आणि धावायला नर्स कोण देणार, तुमची कंपनी?" टेबलाभोवतीची मंडळीही हसली. किती सहज हसली. तळमजल्यावर पाय नसलेली एक बाई होती आणि इथे काजू फिरत होते. सुवार्ताला त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा विटाळ वाटला, स्वतःसकट.

डॉक्टरांनी अहवालाचा कागद तिच्याकडे सरकवला. वर टोपण काढलेलं पेन ठेवलं. "तेवढी सही राहिलीय. तुमचं काही म्हणणं नाही ना, सिस्टर?"

तिने तो प्रश्न ऐकला. 'ना' थोडा खाली उतरवलेला. उत्तर आधीच तोंडात घालून दिलेलं. अठ्ठावीस वर्षं तिला असंच विचारलं जात होतं आणि ती 'नाही सर' म्हणत आली होती. कमी नर्सेसना, डबल ड्यूटीला, सगळ्यालाच.

"आहे," ती म्हणाली.

मग मनात होतं नव्हतं ते सगळं ती बोलली. ती बोलत असताना कुणी तिला अडवलं नाही, हेच फार वाईट होतं. ऐकून झाल्यावर डॉक्टर समजुतीने म्हणाले की तुम्ही फार थकलात, पंधरा दिवस रजा घ्या, अहवालावर असिस्टंट सिस्टरची सही चालेल. कागद तिच्यापुढून उचलला गेला. काजूची बशीसुद्धा तिला ओलांडून पुढे गेली.

ती तळमजल्यावर सोनाक्कांच्या खोलीत आली. पद्मल उशाशी मोसंबं सोलत होती. सुवार्ताने दार लावलं, स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. प्रत्येक वेळ, प्रत्येक आकडा. पद्मलच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. सोनाक्का ऐकत होत्या, पण त्यांना ठकीबद्दल कुणी वाईट बोललेलं खपेना. "तिला नगा बोलू. एकतीस येळा आली म्हनताय न्हवं? सख्खं कोन येतंय तेवढं?"

ती का येत होती हे आता सांगावं लागणार होतं. त्या लांबलचक दुपारी या बाईजवळ आधार म्हणून तेवढी एकच गोष्ट होती आणि तीही काढून घ्यायची होती. सुवार्ताने ती काढून घेतली. सोनाक्कांनी ठकीने धरलेला तो उजवा हात चादरीवर पुसला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा, तळवा लाल होईपर्यंत. पद्मलने तो धरला तेव्हा थांबल्या.

"आन् तुमी?" त्यांनी विचारलं. "तुमी चारला आलता, त्ये कशाला?"

यासाठी सुवार्ता तयार होऊन आली नव्हती. बैठकीत तिने यंत्राबद्दल सांगितलं होतं, डॉक्टरांबद्दल सांगितलं होतं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला घाई होती, पडदा हिरवा होता, अशी दोन-चार उत्तरं तोंडाशी आली. त्यांची तिला किळस आली.

"तुम्ही 'बरं आहे'च म्हणावं, असं मलाही हवं होतं, आक्का," ती म्हणाली. "खाली जायचं होतं मला."

पद्मलने विचारलं की हे सगळं लेखी द्याल का. सुवार्ताने हो म्हटलं आणि तिथेच, पलंगाच्या टेबलावर, औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य तिने चार वाजताचं लिहिलं. पद्मल वाचत होती. ती दबक्या आवाजात म्हणाली की सिस्टर, हे नका घालू, हे तुमच्याच अंगावर शेकेल, ते लोक सगळं तुमच्या माथी मारतील. तसं होणार हे सुवार्तालाही दिसत होतं. नोकरी जाईल, कदाचित नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही. तिने ते वाक्य ठेवलं, बाकीचं लिहून काढलं आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

मग तिने पेन मिटलं. आक्कांचं कपाळ घामाने डबडबलं होतं, हे तिला आत्ता दिसलं. ओठ आत ओढून घेतलेले. स्टूल पुढे घेऊन ती त्यांच्या तोंडाजवळ वाकली.

"कुठं दुखतंय, आक्का?"

सोनाक्कांनी सवयीने 'बरं हाय' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं त्यांना या इमारतीत कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि चादर जिथे सपाट पडली होती तिकडे नजर नेली.

"डाव्या अंगठ्यात," त्या म्हणाल्या. "लई."